खावडा ते धोलावीरा : मुंबईकरांसाठी वाळवंटातला सायकलचा पहिला दिवस

मुंबईत सायकल चालवली की घाम ओघळतो, टी-शर्ट पाठीला चिकटतो आणि पाण्याची आठवण शरीरच करून देतं. कच्छच्या रणात हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकतच नाही, आला तसा उडून जातो. अंग कोरडं, वारा गार, तहानही फारशी नाही. आणि तीन तासांनी डोकं ठणकायला लागतं. मुंबईहून पहिल्यांदा वाळवंटात जाणाऱ्यांचा घात इथेच होतो. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगणं : हा दिवस घड्याळावर काढायचा. पाणी घड्याळावर प्यायचं, खायचं घड्याळावर, थांबायचंही घड्याळावर. तहान लागायची वाट बघायची नाही.

उदाहरणासाठी खावडा ते धोलावीरा हा रस्ता घेतला आहे. खावडा भुजच्या उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर आहे आणि तिथून पूर्वेला धोलावीरा जवळजवळ तेवढंच. सुरुवातीला पच्छम बेटावरची गावं आणि थोडे चढउतार, मग सुमारे ३० किलोमीटर भरावावरून थेट रणातून जाणारा सरळसोट डांबरी रस्ता, आणि शेवटी खडीर बेट. ‘रोड टू हेवन’ म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो हाच. नवख्यांसाठी तो चांगला, कारण रस्ता पक्का आहे आणि वाट चुकायची भीती नाही. कठीण, कारण मधल्या पट्ट्यात ना झाड, ना दुकान, ना पाण्याचा नळ, आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

कधी जायचं

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. या दिवसांत दुपारी २५ ते २८ अंश आणि पहाटे १० अंशांच्या आसपास असतं, थंडीची लाट आली तर त्याहून कमी. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं. नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसू शकतं, मिठाची पांढरी साय पुढे पाणी आटल्यावर चढते. मार्चनंतर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा बेत करूच नये.

संक्रांतीच्या आगेमागे, म्हणजे साधारण १० ते १६ जानेवारी, गुजरातमध्ये सायकल टाळा. उत्तरायणाला पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि सायकलस्वाराचा गळा नेमका त्याच उंचीवर असतो. त्या दिवसांत जावंच लागलं तर गावातून जाताना गळ्याभोवती जाड बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) किंवा मफलरचे दोन वेढे घ्या आणि वेग ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर नेऊ नका.

हा सीमेजवळचा भाग आहे. प्रत्येकाकडे फोटो असलेलं मूळ ओळखपत्र हवं. धोरडोच्या पांढऱ्या रणात जाणार असाल तर वेगळा परवाना लागतो. लष्करी वाहनांचे आणि चौक्यांचे फोटो काढायचे नाहीत. भुज ते खावडा रस्त्यावर ट्रकची वर्दळ बरीच असते, त्यामुळे नवख्यांनी तो टप्पा सायकलने करायचा की सायकली पिकअपमध्ये टाकून खावड्यापर्यंत जायचं, हे आधी ठरवावं. पहिली खेप असेल तर पिकअप घ्या.

मुंबईत आठ आठवडे

ताकदीपेक्षा सीटवर बसायची सवय लागते. पहिले दोन आठवडे रविवारी ४० किलोमीटर, मग ६०, मग ८०. शेवटच्या तीन आठवड्यांत शनिवारी ५० आणि रविवारी ५० असं लागोपाठ करा; दुसऱ्या दिवशी गुडघे आणि बैठक काय म्हणतात ते तेव्हाच कळतं. पश्चिम उपनगरांतल्यांनी मार्वेहून सायकलसकट होडीने मनोरीला उतरून गोराई-उत्तनचा फेरा करावा, नवी मुंबईकरांना पाम बीच रस्ता आहे.

एक सराव सहसा कोणी करत नाही आणि तोच सगळ्यात उपयोगी पडतो. दुपारी तीन-चारच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. त्या वेळी वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हवर वाऱ्याच्या तोंडाला तासभर सायकल चालवा. गिअर हलका ठेवा, पेडलचे फेरे मिनिटाला ७५ ते ८५. वेग १३-१४ वर आला तरी वाढवायचा नाही. रणात अख्खा दिवस असा जाऊ शकतो आणि जड गिअर रेटत राहिलेला माणूस चाळीसाव्या किलोमीटरला गुडघा धरून बसतो.

याच आठवड्यांत सीटची उंची पक्की करा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर आहे. बदल एका वेळी ५ मिलिमीटरचाच करा आणि खांबावर टेपची खूण ठेवा. प्रवासात सीट काढल्यावर तीच खूण कामाला येते.

सायकल : टायर आणि चेन

कच्छमध्ये टायरचा खरा शत्रू वेडी बाभूळ. तिथे तिला गांडो बावळ म्हणतात. तिचा वाळलेला काटा सहज दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि साध्या टायरमधून आरपार जातो. दुसरा शत्रू सराटा, बसका आणि चहूबाजूंनी टोकदार. दोन्ही रस्त्याच्या कडेला असतात, डांबराच्या मधोमध नाही. म्हणजे निम्मं पंक्चर सायकल कुठे उभी करता त्यावर ठरतं. थांबताना सायकल चालवत कच्च्यात उतरवू नका. उतरा, उचला, जागा बघून ठेवा.

७०० गुणिले ३२ ते ३८ मापाचे, आत पंक्चररोधक पट्टा असलेले टायर घ्या. २३-२५ चे रेसिंग टायर नकोत. ३५ च्या टायरमध्ये ७०-७५ किलो वजनाच्या माणसाला सामानासह पुढे ५५ आणि मागे ६० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत पहाटे हवा ठासू नका. १० अंशांत भरलेली ६० पीएसआय हवा टायर ४० अंशांना तापल्यावर ७-८ पीएसआयने वाढते. टायर दगडासारखा झाला की हात बधिर होतात आणि पकड जाते.

सगळ्या मित्रांच्या सायकलींचे टायर आणि वॉल्व्ह शक्यतो एकाच मापाचे असावेत. सहा जणांत तीन मापं असली की बारा ट्यूब सोबत असूनही ऐन वेळी हवी ती मिळत नाही. निघण्याआधी सगळ्यांची मापं कागदावर लिहून काढा.

चेन किती झिजली आहे हे घरी स्टीलच्या पट्टीने बघता येतं. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. १२ इंचांची खूण दुसऱ्या एका पिनच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. ती पिन १/१६ इंच पुढे सरकलेली असेल तर चेन बदला. १/८ इंच असेल तर मागच्या चाकावरची दात्यांची चक्री, म्हणजे कॅसेटही झिजलेली असणार. नवी चेन निघायच्या किमान दोन आठवडे आधी बसवा आणि तिच्यावर शंभरेक किलोमीटर काढा, कारण जुन्या कॅसेटवर नवी चेन सटकते ते जोर लावल्यावरच कळतं.

मुंबईच्या पावसाळ्यात वापरायचं दाट, ओलं चेनचं तेल इथे नको. त्यावर धूळ आणि मीठ बसून काळी घासणारी पेस्ट तयार होते. मेणाचं किंवा ‘ड्राय’ म्हणून मिळणारं तेल घ्या. आदल्या रात्री प्रत्येक रोलरवर एक थेंब, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसायची. चेन बाहेरून कोरडी दिसली पाहिजे.

प्रत्येकाकडे : दोन ट्यूब, टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा पंप, पुढचा-मागचा दिवा. गटात मिळून : दहा-बारा पॅच आणि न वाळलेलं सोल्युशन, चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टिटूल, आपल्या गिअरसंख्येची चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) दोन, एक गिअर केबल, एक ब्रेक केबल, प्रत्येक सायकलचा स्वतःचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा), केबल टाय, पंपाच्या नळीला गुंडाळलेला दोन मीटर डक्ट टेप, आणि एक चिमटा. चिमटा विसरू नका, का ते पुढे येईल.

रेल्वेने सायकल नेताना

भुजला जायला वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेस आणि दादरहून सयाजीनगरी एक्स्प्रेस आहे, दोन्ही रात्रभराच्या प्रवासाच्या. डब्यात नेता येणाऱ्या पेटीचं कमाल माप १०० गुणिले ६० गुणिले २५ सेंटिमीटर. सुटी केलेली मोठी सायकल त्याहून लांब भरते, म्हणून ती ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करणं सरळ. पार्सल कार्यालयात गाडीच्या काही तास आधी पोचा, पावती आणि तिकीट हाताशी ठेवा.

बांधणी अशी करा. पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून, चेनसकट फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. सामान चढवता-उतरवताना हाच भाग आधी वाकतो. पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा ठोका, नाहीतर वर वजन आल्यावर फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत दुमडलेला पुठ्ठा सरकवा. चाक नसताना कोणी लिव्हर दाबला तर पॅड चिकटून बसतात आणि चाक आत जात नाही. टायरमधली थोडी हवा सोडा, पूर्ण नको, रिमला तेवढंच संरक्षण.

पाण्याचा हिशेब

७० किलोमीटर, सरासरी १५ चा वेग, म्हणजे सीटवर पावणेपाच तास. दीड तास थांबण्यात. एकूण सव्वासहा तास. थंडीच्या दिवसांतही तासाला ६०० मिलिलिटर धरा, साधारण पावणेचार लिटर. त्यावर एक लिटर न मोडायचं. म्हणजे खावड्याहून निघताना प्रत्येकाकडे ५ लिटर हवं. हा आकडा ऐकून बरेच जण तीनवर येतात आणि ‘वाटेत बघू’ म्हणतात. वाटेत बघायला काही नाही.

५ लिटर म्हणजे ५ किलो. ते पाठीवर घेतलं तर खांदे आणि बैठक दोन्ही जातात. फ्रेमवर ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, बाकीचं कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि सारखं वाटून. एका बाजूला तीन लिटर नि दुसऱ्या बाजूला कपडे असं केलं तर आडव्या वाऱ्यात सायकल ओढते.

पाच लिटरपैकी दोन लिटरचं ओआरएस करा. साधारण २१ ग्रॅमचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. ७५० च्या बाटलीत अख्खं पाकीट टाकू नका. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि पोट बिघडतं. लिटरच्या बाटलीत कालवून मग ओता. पाकीट नसेल तर लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ, दोन्ही सपाट. उरलेलं पाणी साधं. एक बाटली कायम साध्या पाण्याची, कारण जखम, डोळे आणि डोकं धुवायला ओआरएस चालत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता घड्याळ. मनगटावर दर पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की चार घोट, साधारण १५० मिलिलिटर. ७५० ची बाटली सव्वा तासात संपली पाहिजे. उरली असेल तर तुम्ही मागे आहात. कसर एकदम पाऊण बाटली रिचवून भरून काढू नका, पुढच्या दोन गजरांना एकेक घोट वाढवा. उलटी चूकही होते : तासाला लिटरभर नुसतं साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात. म्हणून पाण्याबरोबर खारे शेंगदाणे हवेतच.

पाणी गार ठेवायला जाड सुती मोजा ओला करून बाटलीवर चढवा. कोरड्या हवेत मोज्यातलं पाणी भराभर उडतं आणि बाटली माठासारखी गार राहते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती जेमतेम चालते, रणात छान चालते.

धोलावीराला पोचल्यावर हाच पाण्याचा हिशेब दगडात कोरलेला बघायला मिळतो. हडप्पाकालीन माणसांनी मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून शहराभोवती हौद बांधले, काही तर खडक फोडून. २०२१ साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आलं. पाच लिटर पाणी दिवसभर वाहून नेल्यावर त्या हौदांच्या काठावर उभं राहणं वेगळंच वाटतं.

प्रत्यक्ष दिवस

पावणेसहाला उठा. उठल्याबरोबर अर्धा लिटर पाणी सावकाश. नाश्ता पोटभर, पण तळलेला नको : बाजरीचा रोटला आणि गूळ, केळी, चहा. डिसेंबरअखेर इथे सूर्य साडेसातच्या जरा आधी उगवतो, सात वाजता रस्ता दिसण्याइतपत उजेड होतो. सातला चाकं हलली पाहिजेत. त्या थंडीत १८ च्या वेगाने अंगावर येणारा वारा मुंबईच्या माणसाला बोचतो. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा एक पदर सरकवा, तासाभराने काढून पिशवीत ठेवा.

पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा अंगरखा, गडद चष्मा, बफ, हातमोजे. उन्हाचं मलम एसपीएफ ५०, दर दोन तासांनी, गजर लावून. पांढऱ्या मिठावरून ऊन खालून वर येतं, म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळीमागे आणि ओठांवरही लावा. टोपीची सावली तिथे पोचत नाही. पॅडच्या चड्डीखाली दुसरी अंतर्वस्त्रं नकोत, शिवण घासते. जांघेत व्हॅसलीन लावा.

खाणं दर पाऊण तासाने, भूक नसली तरी. तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं पुरतात : एक केळं आणि चार-पाच खजूर, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू आणि मूठभर मनुका. चिक्की, तिळगूळ, गूळ-दाणे इथे उत्तम. चॉकलेट वितळतं, श्रीखंडाच्या वड्याही चिकट होतात. दुपारचं जेवण रणात करू नका, जड पोटाने वाऱ्यात चालवता येत नाही.

गट चार ते सहा जणांचा. सगळ्यात हळू चालवणारा पुढून दुसरा, जाणता माणूस सगळ्यात शेवटी, आणि दुरुस्तीचं सामान त्या शेवटच्याकडे. सामान पुढच्याकडे असलं की मागच्याचं पंक्चर काढायला कोणाला तरी उलटं यावं लागतं. रणात रस्ता इतका सरळ की तीन किलोमीटरवरचा मित्रही ठिपक्यासारखा दिसतो आणि ‘दिसतोय की’ म्हणून गट फुटतो. उन्हं चढल्यावर मृगजळात तो ठिपकाही हवेत तरंगायला लागतो, अंतराचा अंदाज पार चुकतो. नियम ठेवा : हाक ऐकू जाईल त्याहून लांब कोणी जायचं नाही. मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही तुम्ही तसेच धूसर दिसता, म्हणून मागचा लाल दिवा भर उन्हातही लुकलुकता ठेवा.

आता वारा. हिवाळ्यात तो बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो आणि तुम्ही पूर्वेला चाललेले असता. म्हणजे वारा डावीकडून, अर्धा समोरून. भरावावर आडोसा नाही. डावीकडचा वारा तुम्हाला उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला ढकलतो. वाऱ्याचा आडोसा घ्यायला पुढच्याच्या उजव्या हाताला तिरकं राहण्याचा मोह होतो. शर्यतींत तसं करतात, पण चालू रस्त्यावर तीच जागा ट्रकची असते. एकामागे एकच चाला, दोन चाकांत किमान एक सायकलभर अंतर, आणि पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी बदला. पुढून हटणाऱ्याने आधी मागे बघून, हात दाखवून हटावं.

ट्रक शेजारून जाताना क्षणभर हवेचा दाब बदलतो, आणि तो पुढे गेल्यावर मागचा झोत सायकलला झोका देतो. हँडल आवळून धरलं की सायकल जास्त डुगडुगते. कोपर सैल, पकड हलकी, अंग थोडं खाली, पेडल चालू. शेवटच्या माणसाने ‘मागे गाडी’ असं ओरडायचं आणि प्रत्येकाने ते पुढे पोचवायचं.

रणाच्या भरावावर चढण्याआधी शेवटच्या वस्तीपाशी थांबा. दिवसाचा निर्णय इथे होतो. तीन गोष्टी बघा. प्रत्येकाकडे किमान साडेतीन लिटर पाणी आहे का? कोणाचं डोकं दुखतंय, पोटऱ्या वळतायत, किंवा सकाळपासून लघवी झालेली नाही असं आहे का? आणि इथपर्यंतचा चालता वेग १२ च्या वर आहे का? एकाचंही उत्तर चुकलं तर गाडी बोलवा किंवा खावड्याला परता. सगळं ठीक असेल तर साडेअकराच्या आत रण मागे टाकायचं, हे ध्यानात ठेवून निघा. खावड्यातच एखाद्या जीप किंवा पिकअपवाल्याशी आधी ठरवून ठेवा : दुपारी तीनपर्यंत धोलावीराहून फोन आला नाही तर त्याने या रस्त्याने निघायचं. रेंज नसण्यावर हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

सावलीसाठी एक जुनी सुती साडी घ्या. जेमतेम अर्धा किलो वजन. दोन सायकली उभ्या करून हँडलांमध्ये साडी ताणून बांधायची, दोन टोकं खाली कॅरिअरच्या पिशव्यांना अडकवायची, की चार माणसं बसतील एवढी सावली होते. कोणाला ऊन लागलं तर तीच साडी भिजवून अंगावर घालता येते.

फोटोसाठी सायकल रणात उतरवू नका. वर मिठाची कडक साय दिसते, खाली काळा चिकट चिखल असतो. चाक रुतलं की तो टायर आणि फोर्कच्या फटीत भरतो, चाक फिरेनासं होतं, आणि धुवायला तुमच्याकडे प्यायचंच पाणी असतं. खावड्याजवळच्या काळ्या डुंगरावर त्याच दिवशी जाऊ नका. ४६२ मीटरचा, कच्छमधला सगळ्यात उंच माथा, वर दत्ताचं देऊळ. जायलाच हवं, पण दुसऱ्या दिवशी, वेगळ्या पायांनी.

पंक्चर : घाई न करता

एकाच काट्याने तीनदा पंक्चर होणं ही नवख्यांची नेहमीची रड. कारण एकच, ट्यूब बदलली आणि काटा टायरमध्येच राहिला. असं करा. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान दात्यावर आणा. चाक काढायच्या आधी टायरवर वॉल्व्हपाशी खडूने खूण करा. ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरा आणि भोक ओठांजवळ फिरवून शोधा, वाऱ्यात कानाने ऐकू येत नाही. आता ट्यूब वॉल्व्ह जुळवून टायरवर धरली की काटा कुठे असणार ते कळतं. टायरच्या आतून बोटांऐवजी चुरगाळलेलं फडकं फिरवा, काटा फडक्यात अडकतो. मोडलेलं टोक रबरात खोल असतं आणि बाहेरून दिसत नाही. टायर उलटा वाकवून चिमट्याने खेचा. हीच चिमट्याची गरज. मग नवी ट्यूब, तिच्यात आधी थोडी हवा, टायर हाताने बसवायचा. लिव्हर वापरलात तर ट्यूब चिमटून नवं भोक पडायची शक्यता असते. हवा भरण्याआधी सगळीकडून टायर दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना बघा.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर तो काटा नव्हे. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटली. हवा वाढवा. फाटलेली ट्यूब फेकू नका, पॅच संध्याकाळी सावकाश लावा.

ऊन लागलं तर

क्रम ओळखा. आधी चिडचिड, गप्प होणं, गजर दुर्लक्षिणं. मग डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, उन्हातही अंगावर काटा. इथेच थांबवा : साडीची सावली, मान आणि काखा ओल्या, ओआरएसचे छोटे घोट, किमान अर्धा तास. बोलणं असंबद्ध झालं, पाय लटपटले, उलट्या थांबेनात, तर तो उष्माघात. तोंडाने पाणी पाजायचा हट्ट नको. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ ला फोन. रेंज नसेल तर येणारी पहिली गाडी थांबवा आणि माणसासोबत एकाला पाठवा. प्यायचं पाणी ओतायला कचरू नका. तेवढ्यासाठीच एक लिटर राखलेलं असतं.

पोचल्यावर, आणि परत मुंबईत

एक-दीडच्या सुमाराला धोलावीरा. आधी पिकअपवाल्याला फोन. मग ताक, खिचडी-कढी, सावलीत दोन तास. लघवी गडद पिवळी असेल तर संध्याकाळपर्यंत पाणी चालू ठेवा.

सायकलला तेव्हा फार काही नको. ओल्या फडक्याने फ्रेम, कोरड्याने चेन, टायरमधले काटे नखाने तपासून काढा. पाइपने जोरात पाणी मारू नका, मिठाचं पाणी बेअरिंगमध्ये जातं.

खरं काम मुंबईत आहे. कोरड्या हवेत मीठ नुसतं बसून राहतं. इथल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं आणि दोन दिवसांत बोल्ट तांबूस पडतात. म्हणून घरी पोचलात त्याच दिवशी बादलीभर गोड्या पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने सायकल धुवा. सीटचा खांब काढून नळी पुसा आणि ग्रीस लावून परत टेपच्या खुणेवर बसवा. पेडलच्या आट्यांनाही ग्रीस. स्पोकच्या निपलांवर एकेक थेंब तेल. चेन उतरवून डिग्रीझरमध्ये बुडवा, वाळवा, मग रोज वापरायचं तेल घाला.